हरभऱ्याची आंब आणि राहिलेली चिठ्ठी

माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर चाळीस वर्षं एक पाटी होती. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर आधी साध्या पाण्याने चुळा भरा. त्यानंतर तासभर दातांना ब्रश, राखुंडी, मीठ काहीही लावू नका. आंबट पदार्थ तोंडात घोळवत ठेवू नका. सांगलीतल्या दोन पिढ्यांनी माझ्या खुर्चीत आ वासण्याआधी ही पाटी वाचली असेल. मध्यंतरी गावातल्या तरुण दंतवैद्यांनी माझा सत्कार केला, तेव्हा एकाने भाषणात या पाटीचा उल्लेख केला. या विषयावर कुणी बोलत नव्हतं त्या काळात डॉक्टरांनी हे ओळखलं, असं तो म्हणाला. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि घरी आलो. ती शाल अजून घडी न मोडता पडून आहे.

पाटीवरचं एकही वाक्य माझं नाही. ते एका बाईंचं आहे. त्या बाईंवर मी एक खोटा डाग लावला आणि तो पुसण्याची संधी तीनदा आली असता तीनदा दवडली. माझं वय आता असं आहे की चौथी संधी वाट पाहत बसणार नाही.

साठ सालानंतरची ती पहिली वर्षं. दक्षिण साताऱ्याचं सांगली होऊन फार दिवस झाले नव्हते. साताऱ्याहून वडिलांची पत्रं यायची त्यावर जिल्हा अजून जुनाच असायचा. मी मुंबईहून दातांचं शिक्षण घेऊन आलो होतो आणि पेठेत एका माडीवर दोन खोल्या घेऊन दवाखाना थाटला होता. रोगी कमी. जे यायचे त्यातले निम्मे खालच्या आळीतले एक वयस्कर वैद्य पाठवायचे. त्यांचा पाचक औषधांचा मोठा व्याप होता आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

त्यांच्या औषधात हरभऱ्याची आंब लागायची. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हरभरा घाट्यावर आला की थंडीत त्याच्या पाल्यावर दव धरतं, आणि पाल्यावरचं आम्ल त्या दवात उतरतं. पहाटे स्वच्छ धुतलेला मांजरपाट पिकावरून हळू फिरवायचा, ओला झाला की बरणीत पिळायचा. ही आंब. जिभेवर थेंब ठेवला तरी कानशिलं दुखतात. पोटदुखीवर, अजीर्णावर आमच्याकडे ती घरोघरी जपून ठेवलेली असे.

आंब जमवायला बऱ्याच बायका असत, पण पारखायला एकच. कृष्णाकाठच्या एका खेड्यातल्या, चाळिशीच्या बाई. हिवाळ्यातले दोन महिने त्या रोज पहाटे गावोगावच्या बरण्या चाखत. कुठली दाट, कुठली पातळ, कुणी पाणी घातलंय, कुणी चिंचेचा कोळ, हे त्या सांगत आणि वैद्यबुवा त्यांच्या जिभेवर विसंबून माल घेत. त्यांच्या घरचं वर्ष त्या दोन महिन्यांच्या कामावर उभं होतं. शिवाय त्या कामाचा त्यांना मान होता. पंचक्रोशीतल्या बायका त्यांच्यापुढे बरणी ठेवताना पदर सावरत.

वैद्यबुवांनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं. गार पाणी दातांना सोसत नाही, अशी तक्रार. मी तोंड पाहिलं. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झालेल्या, वरचं कवच, ज्याला आम्ही एनॅमल म्हणतो, ते झिजून आतला पिवळा भाग दिसत होता. दाढांच्या माथ्यावर बारीक वाट्यांसारखे खळगे. पुस्तकात अशा दातांचं एक चित्र होतं, पण ते परदेशातल्या कारखान्यात तेजाबाचं काम करणाऱ्या माणसाचं. समोर बसली होती खेड्यातली बाई. माझ्या डोक्यात एकच उत्तर तयार होतं.

"मिशरी किती वर्षं लावतेस?" मी विचारलं. मी पंचविशीचा आणि त्या चाळिशीच्या, तरी मी त्यांना अगं-तुगं केलं.

"म्या न्हाई लावत."

"सगळ्या जणी हेच म्हणतात."

बाकावर बसलेली दोन-तीन माणसं हसली. मला ते आवडलं, हेही लिहून ठेवतो.

"आवं डाक्टर, घरात तंबाकूचं पान न्हाई माज्या. ही आंबंची कामं हायती. ती खाती दाताला."

"देवाच्या दवाने दात जात नसतात," मी म्हणालो आणि वैद्यबुवांना चिठ्ठी लिहिली: मिशरीचे जुने व्यसन, तंबाखू सुटल्याशिवाय उपाय नाही. बाईंना वाचता येत नव्हतं. ती चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधून त्यांनी आपल्याच हाताने वैद्यबुवांना नेऊन दिली.

वैद्यबुवांनी त्याच दिवशी त्यांना चाखण्याच्या कामावरून काढलं. तंबाखूने मेलेल्या जिभेला काय कळणार, असं ते म्हणाले. वैद्यबुवांना वेगळं वाटायचं कारणही नव्हतं. डॉक्टरचं अक्षर होतं.

चार दिवसांनी बाई परत आल्या. बरोबर विशीतली सून. मी रोगी पाहत होतो, त्या बाकावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या, तशाच बसल्या. तिसऱ्या दिवशी मी जेवायला निघालो तर जिन्यात उभ्या.

"दात न्हाई दावायचं. फरशी दावायची हाय. वाटंवरच हाय तुमच्या."

मी गेलो तो केवळ सुटका व्हावी म्हणून. वैद्यबुवा जेवायला घरी गेले होते. त्यांच्या औषधांच्या दुकानामागच्या पडवीत शहाबादी फरशी होती, घोटून काळीभोर झालेली. पण ज्या फळीखाली आंबेच्या बरण्या भरत, तिथे ती पांढुरकी, खरबरीत झाली होती. बाईंनी माझा हात धरला नाही, पण बोट असं दाखवलं की मला खाली बसावं लागलं.

"हात फिरवा. ह्या फरशीला कुनी मिशरी लावली वं?"

सून तोंडाला पदर लावून हसली. मी हात फिरवला.

"आता हितं बगा, दाराकडं. हितंबी थेंब पडत्यात. पर हितं मी हुती. पडला थेंब की मी वरनं तांब्याभर पानी वतायची. आन त्या फळीखाली गडी हाय त्यो लय कामाचा. थेंब पडला की काथ्या आन राख घिऊन घासायचा. जितकं घासंल तितकं खोल."

दाराजवळची फरशी जरा फिकी झाली होती, पण गुळगुळीत होती.

त्या सांगत गेल्या आणि मी फरशीवर उकिडवा बसून ऐकत गेलो. आंब कधी पितळेत ठेवत नाहीत, ती पितळेला खाते. जे पितळेला खातं ते दाताला कसं सोडेल, हा त्यांचा पहिला विचार. पहिली काही वर्षं चाखून दात आंबले की त्या राखुंडीने खसखसून घासत, आंबटपणा जावा म्हणून. आमच्याकडे सगळेच तसं करतात. त्याने दात अधिक हुळहुळे झाले. मग एकदा फरशी पुसताना त्यांच्या ध्यानात आलं की आंबेने भिजलेला दगड वरून मऊ पडतो आणि मऊ असताना घासला की तो थर निघूनच जातो. धुऊन तसाच सोडला तर वाचतो. आपले दात तर गेले होते, म्हणून सून हाताखाली आल्यावर त्यांनी तिला नियम घालून दिले. पपईच्या पानाचा पोकळ देठ बरणीत बुडवायचा, दुसरं टोक पुढच्या दातांच्या मागे न्यायचं आणि थेंब सरळ जिभेवर घ्यायचा. घोळवायचा नाही. लगेच पाण्याने चुळा. आणि भाकरी थापून होईस्तोवर दाताला राखुंडी नाही.

"दाव गं," त्या म्हणाल्या. सुनेने तोंड उघडलं. तीन हिवाळे आंब चाखलेले ते दात होते. कडा पुऱ्या, कवच जाड, चमक पाण्यासारखी.

दाताचं कवच एकदा गेलं की परत येत नाही, हे मी शिकलो होतो. ते जाताना कसं मऊ पडतं आणि त्या घडीला काय करू नये, हे मला एका निरक्षर बाईंनी फरशीवर शिकवलं. माझ्या पुस्तकात तेव्हा हे नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी इंग्रजी मासिकांत हेच वाचलं तेव्हा मला प्रत्येक वेळी ती पडवी दिसली.

"पटलं न्हवं?" बाईंनी विचारलं.

"पटलं."

"मग दुसरी चिठ्ठी द्या. पैल्या चिठ्ठीनं काम गेलंय माजं."

"देतो," मी म्हणालो. आणि दिली नाही. दवाखाना उघडून वर्ष झालं नव्हतं. ज्यांच्या जिवावर तो चालत होता त्यांना, मला आम्ल आणि मिशरीतला फरक कळला नाही, असं लिहून देण्याची माझी छाती झाली नाही. तो हिवाळा बाई दुसऱ्यांच्या रानात हरभरा उपटायला जात होत्या.

त्याच उन्हाळ्यात साताऱ्यात डॉक्टर-वैद्यांचा एक मेळावा झाला. मी तिथे शहाबादीचे दोन तुकडे घेऊन गेलो. दोन्हींवर आंब टाकलेली, एक घासलेला, एक नुसता धुतलेला. माझं निरीक्षण म्हणून मांडलं. पपईचा देठ मी गाळला. कोट घातलेल्या माणसांपुढे तो गावंढळ वाटला असता. टाळ्या पडल्या. वैद्यबुवा पुढच्याच रांगेत होते. चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मग डॉक्टर, आमच्या त्या बाईंचंही असंच तर नसेल?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांचं वेगळं."

हे तीन शब्द मी आयुष्यात सर्वांत सहज बोललो असेन.

बाईंनी आपली जागा स्वतः परत मिळवली. पुढच्या हिवाळ्यात वैद्यबुवांचा बराच माल पातळ निघाला. बाई त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पाच बरण्या मांडा, मी तोंड फिरवून बसते. देठाने एकेक थेंब घेऊन त्यांनी सांगितलं, ही काळ्या रानातली, ही माळाची, हिच्यात पाणी, हिच्यात चिंच. पाचवी हातात धरून म्हणाल्या, ही चांगली हाय, पर दोन दिसांची शिळी. पाचही बरोबर. हे सगळं वैद्यबुवांनीच माझ्या माडीवर येऊन सांगितलं, डोळे भरून कौतुकाने. आणि शेवटी माझ्या पाठीवर थाप मारली.

"तुमची चिठ्ठी लागू पडली बरं. बाईनं मिशरी सोडलेली दिसते."

मी हसलो. ती तिसरी वेळ.

गावात मग तेच रूढ झालं, की बाईने डॉक्टरच्या धाकाने मिशरी सोडली आणि जीभ परत आली.

दोनेक वर्षांनी त्या दवाखान्यात आल्या, सुनेची अक्कलदाढ दाखवायला. भिंतीवर पाटी लागली होती. सून चौथी शिकलेली. तिने अक्षर लावत लावत ती मोठ्याने वाचली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी दाढेकडे पाहत राहिलो, मान वर केली नाही.

"बरं लिव्हलंय," त्या म्हणाल्या. "पपईचा देठ तेवडा इसरला."

त्यात राग नव्हता. सुनेचं काम चुकलं तर ज्या आवाजात सांगत असतील, तोच आवाज. जिन्यापर्यंत जाऊन त्या थांबल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "आन चिठ्ठी ऱ्हायली हाय, डाक्टर."

बाई जाऊन बरीच वर्षं झाली. सून आहे, ऐंशीच्या घरात, आणि दात तिचे स्वतःचे आहेत. मागच्या आठवड्यात मी पाटीवर देठाची ओळ रंगवून घेतली. चिठ्ठी आज लिहिली. उद्या ती सुनेच्या हातात देणार आहे, आणि गावानेही वाचावी म्हणून इथे तशीच उतरवतो:

सदर बाईंनी आयुष्यात मिशरीला बोट लावलेले नाही. त्यांचे दात आंब चाखण्याच्या कामात झिजले. त्याचे कारण व त्यावरचा उपाय त्यांनी स्वतः शोधला व मला शिकवला. आधीच्या चिठ्ठीतील निदान चुकीचे होते. ते चुकीचे आहे हे मला सहाव्याच दिवशी कळले होते.