कौसल्येनं भरलेली ओटी

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. ललिता प्रधानांच्या घरी देवीचा घट मांडलेला, दार सताड उघडं, चाळीतल्या सवाष्णी येत होत्या, हळदीकुंकू घेऊन जात होत्या. त्यांच्यातच कौसल्या आली. हिरवी साडी, हातात खणा-नारळाचं ताट, मागे मोबाइल धरलेली तिची भाची.

ललिताच्या हातातला करंडा जागच्या जागी थांबला. कौसल्या म्हणजे उन्मेषची आई. उन्मेष खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात होता, आणि त्याच्या खटल्यात साक्ष द्यायला ललिताला सेशन्स कोर्टाचं समन्स आलं होतं. तारीख पुढच्याच आठवड्यातली.

"येऊ ना, ललिताताई? की दारातूनच परत पाठवताय?"

देवी घरात बसलेली असताना दाराशी आलेल्या सवाष्णीला माघारी धाडायचं नाही, हे ललिताला सासूनं शिकवलं होतं. तिनं ते आजवर मोडलं नव्हतं.

"या," ती म्हणाली.

कौसल्येनं आधी घटाची ओटी भरली. मग ललिताला पाटावर बसवून तिच्या पदरात तांदूळ, खण, नारळ घातला. भाचीनं फोटो काढला. कुंकू लावताना कौसल्या वाकली आणि अगदी कानाशी म्हणाली, "देवी तुमचं कुंकू राखो हो. भावोजी पहाटे एकटेच जातात ना चौपाटीवर? रस्ता ओलांडताना जपायला सांगा. सिग्नल कोण पाळतंय हल्ली!"

आणि मग सगळ्यांना ऐकू जाईलसं, "अगंबाई, किती छान दिसतायत बघा!" मसाला दूध घेतलं, देवीला हात जोडले आणि गेली.

ललिता पदर सावरत तशीच पाटावर बसून राहिली.

गिरगावातल्या या चाळीत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि बोलत कोणी नव्हतं. तळमजल्यावरचे नाना एकटे राहायचे. चाळ पाडून टॉवर बांधायच्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या, त्यांनी केली नाही. उन्मेष शेजारच्या चाळीतला. ललितानं त्याला शाळेच्या चड्डीत पाहिलेला. पुढे तो बिल्डरची कामं करायला लागला. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ललिता गॅलरीत तुळशीपुढे दिवा लावत होती, खाली चौकात आवाज चढले. तिनं वाकून पाहिलं. उन्मेषच्या हातात शटर ओढायची सळई होती. ती नानांच्या डोक्यात बसली. नाना पायरीवर बसावं तसे बसले आणि आडवे झाले. उन्मेषनं वर पाहिलं. चौकातला दिवा त्याच्या तोंडावर होता. तिच्या हातात काडी जळत होती, तिचा चटका बसेपर्यंत ती तिथून हलली नाही.

पोलिसांना जबाब तिघांनी दिला होता. इस्त्रीवाला गावी गेला तो परत आलाच नाही. समोरच्या खोलीतल्या काकांनी कोर्टात सांगितलं की मला मोतीबिंदू, मी कसं ओळखणार? साक्षीदार उलटला, अशी नोंद झाली. आता राहिली ललिता.

ललिताचे यजमान हेमचंद्र घरी आले, तेव्हा तिनं ताट देवघराखाली सरकवून ठेवलं होतं.

"एवढी दणदणीत ओटी कोणी भरली गं?"

"आल्या होत्या शेजारच्या चाळीतल्या." ती वाल सोलायला बसली. "उद्या नका जाऊ हो फिरायला. गुडघे दुखतात ना तुमचे?"

"गुडघे तुझे दुखतात. माझे ठणठणीत आहेत. विमा कंपनीत एवढी वर्षं लोकांच्या मरणाचे अर्ज तपासले, माझाच अर्ज आता कोणी भरायला नको."

एरवी ती हसली असती. त्या आठवड्यात ते पहाटे बाहेर पडले की ती गॅलरीत उभी राहायची. कोपऱ्यावर एक मोटरसायकल उभी असायची. तिच्यावर बसलेला पोरगा उन्मेषच्या मंडळातला होता. तो काहीच करायचा नाही. हेमचंद्र वळले की गाडी सुरू करून सावकाश त्यांच्या मागनं जायचा.

अंधार होता, नीट दिसलं नाही. एवढंच तर म्हणायचं होतं. ललितानं ते वाक्य देवापुढे बसून मनात म्हणून पाहिलं. पुढे जप सुरू होईना.

कोर्टाच्या दिवशी सरकारी वकील मृणालिनी मॅडमनी तिला तिचा जबाब वाचायला दिला. ललिता त्यांना आपली वकील समजत होती. त्यांनी तिथेच थांबवलं.

"मी तुमची वकील नाही, काकू. नानांचीही नाही. मी सरकारतर्फे. काय बोलायचं ते मी तुम्हाला पढवणार नाही. पाहिलं ते सांगा, नाही पाहिलं ते नाही म्हणा. आणखी काही आहे का, जे मला ठाऊक असायला हवं?"

ललितानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्याच्या आईनं माझी ओटी भरली."

मॅडमनी फाइल मिटली. "कधी?"

"गुरुवारी. फोटोही काढलाय."

"आणि तुम्ही भरून घेतलीत? आरोपीच्या आईकडून? काकू, त्यांचा वकील तो फोटो दाखवून विचारणार, किती मिळाले म्हणून."

"ओटीला नाही कसं म्हणायचं हो? देवी बसली होती घरात."

मॅडमनी पेन उघडलं. "ती काही बोलली?"

ललितानं सांगितलं. बाहेरच्या बाकावर हेमचंद्र डबा मांडीवर घेऊन बसले होते, त्यांच्याकडे न बघता सांगितलं.

"मग हे त्यांनी विचारायच्या आधी मीच विचारणार," मॅडम म्हणाल्या. "उत्तर तुमचं."

पिंजऱ्यात उभं राहून ललितानं ईश्वरसाक्ष शपथ घेतली. समोर उन्मेष, दाढी वाढलेला. मागच्या बाकावर कौसल्या, त्याच हिरव्या साडीत. तिच्यापलीकडे हेमचंद्र येऊन बसले होते.

पाहिलेलं सगळं तिनं सांगितलं. सळई, पायरी, दिवा. उन्मेषकडे बोट दाखवलं. मग मॅडमनी विचारलं, "आरोपीच्या घरचं कोणी तुमच्याकडे आलं होतं?"

आरोपीचा वकील ताडकन उठला. न्यायाधीशांनी त्याला हातानं बसवलं.

"आली होती. कौसल्या. माझी ओटी भरली. मी घेतली." ललितानं एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं. "आणि म्हणाली, देवी तुमचं कुंकू राखो. भावोजी पहाटे एकटेच जातात, रस्ता ओलांडताना जपायला सांगा."

टायपिस्टची बोटं वाजत राहिली. हेमचंद्रांचा डबा मांडीवरून घसरला. त्यांनी तो धरला, पण उचलून वर घ्यायचं विसरले.

उलटतपासणीत वकिलानं फोटो दाखवला. "हसताय तुम्ही यात."

"कोणी हळदकुंकू लावलं की आपण हसतो, साहेब. सवय आहे."

"मग अशा घरची ओटी का घेतलीत?"

"सवाष्ण म्हणून आली होती. ओटी देवीची, मी घेतली. पण मी पाहिलं ते माझं आहे, ते मी नाही देत."

न्यायाधीशांनी पोलिसांना साक्षीदाराच्या संरक्षणाचं बघायला सांगितलं. एक हवालदार येईल, असं अधिकारी म्हणाला. कधी ते म्हणाला नाही.

बाहेर जिन्यात कौसल्या वाटेतच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या पोराची आई झाला असतात म्हणजे कळलं असतं," एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली. ललिताला धमकीपेक्षा ते जड गेलं.

घरी आल्यावर हेमचंद्रांनी डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मी आहे ना, बिनधास्त साक्ष दे. आणि पुढे काही झालं असतं तर?"

"आणि न सांगता दिलीसच की."



दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी बूट घातले. तिनं अडवलं नाही. शाल घेतली, चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर जिना उतरली. हवालदार आलेला नव्हता. नानांच्या खोलीला कुलूप होतं.

कोपऱ्यावर मोटरसायकल उभी होती. पोरगा आज सीटवर नव्हता, रस्त्यात उभा होता. दोघांना पाहून त्यानं हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"अरे वा, काकू! आज तुम्ही पण?"

ललितानं नवऱ्याचा दंड धरला. हेमचंद्रांनी दोन्हीकडे पाहिलं, आणि दोघं रस्त्यात उतरले. मागे गाडी सुरू झाली.