सावडीतली माझी पात

किल्लारीजवळच्या आमच्या गावात खुरपणीला रोजानं बायका लावायची ऐपत फार थोड्यांची. बाकीच्यांची सावड असते. आज सगळ्याजणी मिळून तुझ्या रानात, उद्या माझ्या. पैसे कुणी कुणाला देत नाही, हातांची फेड हातांनीच. प्रत्येकीनं आपल्या वाटणीच्या ओळी, म्हणजे आपली पात, धरायची आणि पार बांधापर्यंत न्यायची. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या सावडीत होते आणि माझी पात कधी मागं राहिली नाही. फुशारकी वाटली तर वाटू द्या.

मग मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिच्या डॉक्टरकीच्या क्लाससाठी मी तिच्यासोबत लातूरला खोली करून राहिले. त्या गल्लीत माझ्यासारख्या कितीतरी आया होत्या. नवरे गावाकडं, आणि आम्ही पोरांच्या अभ्यासाच्या राखणीला. आमचं मुख्य काम आवाज न करणं. टीव्ही नाही, गप्पा नाहीत, खोलीत फेऱ्या मारायच्या नाहीत. भाकरी थापायला घेतली की खालच्या मालकीणबाई वर यायच्या, "अहो, डोकं उठतं त्या थापण्यानं." मग चपात्या सुरू झाल्या. तशी ज्वारी परवडतही नव्हती. आम्ही शेतकरी, पण रानात सगळं सोयाबीन. ज्वारी घ्यायची तर विकतच. रेशनचा गहू, तांदूळ आणि स्वस्तातल्या तेलाची पिशवी, एवढंच हाताशी. गावात बांधावरून ओटीभर तांदुळजा फुकट यायचा, इथं मरतुकड्या जुडीलाही पैसे. त्याच पैशात बिस्किटांचे पुडे यायचे आणि पोटाला जास्त वेळ आधार वाटायचा.

त्यात पोरगी. टेस्टमध्ये मार्क कमी पडले की ती ताट पुढं सरकवायची. अन्न टाकणं मला जन्मात जमलं नाही. माझं जेवून झालेलं असलं तरी तिचं ताटही मीच संपवायचे. तुझे मार्क उतरतात आणि माझं वजन चढतं, असं मी थट्टेनं म्हणायचे. ती आणखीच हिरमुसायची, बिचारी.

दिवाळीला गावी गेले तर सगळ्यांना कोण आनंद! "लातूरचं पाणी मानवलं की गं तुला," सासूबाई म्हणाल्या. नवराही खूश. बायकोनं अंग धरलं म्हणजे घरात काही कमी नाही, असा त्याचा समज. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? माझी आई जन्मभर हाडांची काडं करत रानात राबली. आमच्यात अंग भरणं म्हणजे बरे दिवस येणं. त्यात काही दुखणं असेल हे कुणाच्या मनात येणार?

दुसऱ्या वर्षी जिना चढताना गुडघे बोलायला लागले, तपासलं तर साखरही निघाली. डॉक्टर भले होते. म्हणाले, "ताई, वजन उतरवा. रोज फिरा, फळं खा, तेलकट बंद करा." येताना गाड्यावर सफरचंदाचा भाव विचारला आणि हातातलं फळ परत ठेवलं. राग डॉक्टरांचा नाही, त्या सल्ल्याचा आला. लठ्ठपणा म्हणजे खाऊन माजलेल्यांचं दुखणं असं मीही समजायचे. पण आमच्या गल्लीतली एकही आई माजलेली नव्हती. स्वस्तातलं खाऊन आणि एका जागी गप्प बसून आमची ही गत झाली होती.

बारावी झाली. डॉक्टरकीला लागतील एवढे मार्क पडले नाहीत. नांदेडला नर्सिंगला घालायचं ठरलं आणि मी गावी परत आले. पहिल्याच खुरपणीला उकिडवं बसले तशी गुडघ्यातून कळ निघाली. उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून उठवलं आणि माझी राहिलेली पात त्यांनीच बांधाला नेली. पण दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. साडी खोचून, भाकरी बांधून मी दारात उभी, आणि बायका समोरून निघून गेल्या. घरात येऊन मी ढसाढसा रडले.

सावड गेली की मजुरी आली. माझ्या हातांची किंमत घरात कधी कुणी केली नव्हती. नवरा रोजानं बायका बघायला निघाला तेव्हा त्यालाही ती कळली. वर माझ्या गोळ्या. तेच पैसे नांदेडच्या हॉस्टेलला लागणार होते.

तेवढ्यात शेजारच्या रानातली बाई घरी आली. माझ्याहून लहान, सावडीत कायम माझ्या बाजूची पात धरणारी. म्हणाली, "अक्का, तुज्या रानात आमी येतो उद्या. रोज देऊ नको. फेड दुसरी कर. माजी पोरगी औंदा लातूरला ठेवायची हाय, तिच्यासंगं तू ऱ्हा."

"आन् तू?"

"मी गेले तर माजी बी सावड जाईल की. तुजी तर गेलीच हाय."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला पोरीचं भलं हवं होतं आणि आपले गुडघेही. मला दोन्ही कळत होतं, तरी कुणी कानफटात मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बायका आमच्या रानात आल्या तशी मीही गेले. तिच्या बाजूची पात धरली आणि उकिडवं न बसता सरळ मातीत फतकल मारली. हाताला येईल तेवढं गवत काढायचं आणि रांगायच्या आधी लेकरू सरकतं तसं बसल्या बसल्या पुढं सरकायचं. एकीला हसू फुटलं, मग मलाही.

"पोरीला धाड लातूरला," मी तिला म्हणाले. "कुठं ऱ्हायचं, काय खायचं, समदं सांगते. पर मी न्हाई जायची."

ती खुरपत पुढं सरकली. सगळ्यांच्या पाती बांधाला लागल्या, माझी अर्ध्यातच होती. दोघी मदतीला वळल्या, त्यांना मी नको म्हटलं. दिवस कलता कलता ती पात मी एकटीनं बांधाला नेली. साडीची माती झाली होती आणि कंबर धरली होती.

ती बांधावर बसून होती. खुरपं पुसत उठली आणि म्हणाली, "उद्या माज्या रानात हाय. तू जरा आदी ये अक्का, तुला टाइम लागतो."