मिक्सरच्या आडून

आमच्या घराला लागूनच बाबांचा कापड विणायचा कारखाना आहे. लूम सतत खडखडत असतात, त्यामुळे घरात आम्ही सगळे ओरडूनच बोलतो. आईचे मात्र दोन आवाज आहेत. एक ओरडायचा आणि दुसरा बाबांच्या नावानं पुटपुटायचा. त्या खडखडाटात दुसरा कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तो भलताच मोकळा सुटलाय. मी तिच्या अगदी खांद्याशी उभा असलो की माझी फुकट करमणूक होते.

गेल्या दिवाळीनंतर मी दोघांना दोन दिवस बाहेर न्यायचं ठरवलं. कारखाना सोडून बाबा लांब यायला तयार होईनात, म्हणून भिवंडीतच हायवेच्या बाजूला नवं झालेलं एक सर्व्हिस अपार्टमेंट घेतलं. भिवंडीची माणसं सहलीला भिवंडीत, म्हणून मावशी पोट धरून हसली. आईची अट एकच होती. चहा बसल्या जागी हातात आला पाहिजे, ती उठणार नाही.

दार उघडलं तर समोर स्वयंपाकघर! शेगडी, भांडी, मिक्सर, चहा-साखरेच्या पुड्या, अगदी जय्यत तयारी.

"हाटेल बोललास ना? मंग ही शेगडी कुनासाठी हाय?" आईनं मला विचारलं.

"मी करतो ना चहा."

"तुजा चहा प्यायलेय मी. नको."

तिनं बाबांकडे पाहिलं. ते सोफ्यावर पाय पसरून निवांत पडले होते. आई सवयीनं पुटपुटायला लागली आणि अर्ध्यातच थबकली. खोलीत इतकी शांतता होती की फ्रिजसुद्धा ऐकू येत होता. तिची फारच पंचाईत झाली. बोललं तर ऐकू जाणार, न बोललं तर पोट दुखणार. तिचा चेहरा लाल होत चालला तशी मला काळजी वाटली. हसूही आलं, खोटं कशाला बोलू?

शेवटी ती ताडकन उठली, रिकामा मिक्सर चालू केला आणि त्या घरघराटात मनसोक्त सुरू झाली. बाबा सोफ्यावरून तिच्याकडे बघत होते. बघता बघता ते उठले, पातेल्यात पाणी घेतलं आणि शेगडीवर चहा ठेवला.

आईनं खटकन मिक्सर बंद केला. "तुमाला ऐकू गेलं?"

"मिक्सरमध्ये काय डोंबल ऐकू येणार? ओठ दिसले. जन्म लूममध्ये गेला माझा. कारागीर काय बोलतात ते ओठांवरूनच कळतं."

"घरी पन कळतं?"

"सगळं कळतं," बाबा ऐटीत म्हणाले.

ते सगळं काय होतं हे मलाही माहीत होतं, म्हणून मी हळूच दाराकडे सरकलो. आई मात्र लाजली नाही की घाबरली नाही. ती बाबांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"म्हंजे चहाचं मी इतकी वर्सं बोलतेय, ते तुमाला रोज कळत व्हतं?"

बाबांनी घाईघाईनं पातेल्यात डोकं घातलं.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."