तुळशीखालची गाळणी

माझी पत्नी कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावची. लग्न होऊन इकडे मध्य प्रदेशात, धामनोदला आली, त्या वर्षीच्या पावसाळ्यात तिने आमच्या दारासमोरून वाहणारं पाणी नीट पाहिलं. हमरस्त्यावरच्या ट्रकांच्या गॅरेजांपुढून ते येई आणि त्यावर डिझेलचा रंगीत तवंग असे.

"हे जातं कुठे?"

"नाल्यात."

"आणि नाला?"

"नर्मदेला."

"म्हणजे आमच्याकडेच की. समुद्राला."

मी शाळेत इतिहास शिकवत असे. "मध्ये सरदार सरोवराची भिंत आहे," मी म्हणालो.

"भिंतीपाशी थांबत असेल. संपत तर नसेल ना?"

तिच्या माहेरी ओहोटीच्या वेळी खडकावरची कालवं काढत. धक्क्यावर इंजिनाच्या होड्या वाढल्या तसा कालवांना तेलाचा वास येऊ लागला आणि तिच्या आईने ती रांधायची सोडली. ही गोष्ट ती क्वचितच सांगे. पण कढईत उरलेलं तेल तिने कधी मोरीत ओतलं नाही.

काही वर्षांनी तिने गल्लीच्या टोकाला, पाणी नाल्यात उतरतं तिथे, गवंड्याकडून एक खड्डा खणून घेतला. तळाला धोंडे, त्यावर खडी, वर वाळू आणि कडेने वाळ्याचं गवत. तिथवर येणारी चरही कच्चीच राहू दिली. "चहाला गाळणी लागते, मग रस्त्याला नको?" ती म्हणाली, आणि त्या खड्ड्याचं नाव गाळणी पडलं. दर वर्षी पावसाआधी ती वरची तेलकट वाळू काढून पत्र्याच्या पिंपात भरी आणि नवी पसरे. समोरच्या गॅरेजवाल्याकडे जळकं तेल विकत घेणारी गाडी येई, तिच्यात तो ते पिंपही चढवून देई.

सुरुवातीला तो हसायचा. "भाभीजी, इधर समंदर किधर? यहाँ तो घाट है!"

"मला माहेरी जायला दोन दिवस लागतात. तुमचं तेल बिनतिकिटाचं जातं," ती मराठीत म्हणे. त्याला बरोबर कळे. पुढे तोच, कुणी न सांगता, सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकू लागला.

दोन वर्षांपूर्वी माघात ती गेली. मी पुस्तक उघडून बसे आणि तासाभराने तेच पान समोर असे. वर्षश्राद्धाआधी पंधरा दिवस मी देवासला मुलीकडे जाऊन राहिलो. परत आलो तेव्हा गल्लीतल्या लोकांनी मला हाताला धरून टोकाला नेलं. तिथे तुळशीवृंदावन उभं होतं. निळ्या टाइल्स, चारी बाजूंनी कोनाडे, मध्ये हिरवीगार तुळस. भोवती पक्का ओटा आणि चरही सिमेंटची. ती नेहमी तिथेच बसलेली दिसे, म्हणून तिची आठवण तिथेच करायची असं सर्वांनी ठरवलं होतं. टाइल्स गॅरेजवाल्याने स्वतः बसवल्या होत्या.

"सर, अब यहाँ कीचड़ नहीं होगा," तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते.

मी हात जोडले. गाळणी त्या ओट्याखाली होती.

त्या पावसाळ्यात पाणी सिमेंटवरून वृंदावनाला वळसा घालून थेट नाल्यात उतरलं, तवंगासकट. गल्लीतल्या बायका संध्याकाळी तिथे दिवा लावत. मी तो दिवा पाही, मग खालचं पाणी पाही आणि घरी येई. तिचं तेवढं एक काम मागे उरलं होतं आणि भिडेपोटी मी ते बुडू देत होतो. पण ज्यांनी इतक्या मायेने बांधलं, त्यांना 'तोडा' कसं म्हणायचं? त्यात पुन्हा तुळस.

दसरा झाल्यावर धीर करून शेजारच्या काकूंकडे गेलो. त्यांचं घराणं पिढ्यांपूर्वी दरबाराबरोबर धारला आलेलं. रीतिरिवाजात गल्ली त्यांचा शब्द मानते.

"काकू, ते वृंदावन काढायला हवं."

"मास्तर, डोकं ठिकाणावर आहे ना? सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावची तुळस उपटता?"

मी सगळं सांगितलं. खड्डा, वाळू, कालवं. हेच पाणी पुढे नाल्याच्या डोहात जातं आणि तिथे म्हशी बसतात, असं म्हणालो, तशा काकू ताठ झाल्या.

"माझ्या म्हशीच्या पाठीवर चकाकी आली आहे ती ह्या तेलाची? मला वाटलं, सरकी मानवली!"

मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं.

"हसता काय? चार महिने तोंडात काय धरून बसला होतात?" मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "उपटायची नाही. कार्तिकात तिचं लग्न लावू. लग्न झालेली मुलगी सासरी जाते. तिला कोण अडवणार?"

"शास्त्रात आहे असं?"

"नसेल. तुम्ही पुस्तकात बघायला जाऊ नका. आणि गॅरेजवाल्याला तुम्हीच सांगायचं. मी नाही."

मी सांगितलं. तो फडक्याला हात पुसत राहिला, हात स्वच्छ झाले तरी.

"मतलब हमने भाभीजी का ही काम बंद कर दिया," तो म्हणाला. "पहले बोलना था ना, सर! पूरी बरसात निकल गई." मग हळूच, "टाइल मैं ही निकालूँगा. दूसरा तोड़ देगा."

तुळशीचं लग्न थाटात झालं. ऊस, चिंचा, आवळे, सगळं होतं. अंतरपाटाचं एक टोक गॅरेजवाल्याने धरलं होतं आणि मंगलाष्टकं संपली तरी तो सोडेना. दुसऱ्या दिवशी तुळस मुळांच्या मातीसकट माझ्या अंगणात आली. लेक सासरी पाठवताना रडतात तशा काकू रडल्या आणि लगेच, चहात आलं घाला म्हणाल्या. निळ्या टाइल्स आता अंगणातल्या वृंदावनाला आहेत. त्यातली एकच तडकली.

ओटा फोडला तेव्हा खालचे धोंडे जागच्या जागी सापडले. चरीवरचं सिमेंटही काढलं. वाळ्याचं एक बेट तिने परसात लावलेलं होतं, त्याचेच ठोंब गाळणीभोवती लावले. वाळू मी चाळली. काम सावकाश झालं, पण झालं.

यंदा पाऊस धरल्यावर गॅरेजवाला आणि मी छत्री घेऊन टोकाला उभे राहिलो. तवंग घेऊन पाणी आलं, वाळ्यापाशी मंदावलं, वाळूत जिरलं. खालच्या बाजूने निघालं ते गढूळच होतं. त्याने ओंजळ भरून वास घेतला आणि ओंजळ माझ्या नाकाशी धरली. नुसता मातीचा वास होता.

"पहुँचेगा उनके गाँव?" त्याने विचारलं.

"वेळ लागेल," मी म्हणालो.

काकूंच्या म्हशीची पाठ पुन्हा मातकट झाली आहे. आता तिला पहिल्यासारखं तेज राहिलं नाही, अशी तक्रार काकू येता-जाता माझ्याकडे करतात. मी हातातलं पुस्तक मिटून ती ऐकून घेतो.