बाहेर स्टुलावर कोण बसणार?

गेल्या मंगळवारी सकाळी शेजारच्या हसनच्या घरी गेलो, ते एक चुकीचं काम करायला. जाताना मात्र ते शहाणपणाचं वाटत होतं… वय झालं की आपला प्रत्येक सल्ला शहाणपणाचाच वाटतो.

हसनच्या नातीचं लग्न ठरलंय. त्यांच्यात लग्नाआधी घरी मौलूद असतो, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीची गाणी सगळे मिळून म्हणतात. त्याच्याकडे तो नेहमी अंगणात, मांडवाखाली होतो आणि आम्हा शेजाऱ्यांना शिरा खायला बोलावणं असतंच.

यंदा वाडीतले दोन-तीन जण कुरकुरले, त्यात माझा पुतण्याही. भांडण नाही, पण मला म्हणाला, बाबलकाका, तुझा दोस्त आहे, तूच सांग, घरातल्या घरात करा, आवाज बाहेर नको. मलाही वाटलं, लग्नघरात उगाच कटकट कशाला…

आता थोडं मागचं सांगतो. तरुणपणी हसनने आणि मी आखातातल्या एका देशात बारा वर्षं काढली, एकाच खोलीत. मी सुतारकामाला, तो मेसमध्ये आचारी. जिथलं मीठ खाल्लं त्याला नावं ठेवत नाही. आजारी पडलो तेव्हा औषधपाणीही नीट झालं. पण तिथे राज्याचा धर्म एकच. बाकीच्यांनी आपला देव खोलीत, दार लावून, आवाज न करता पुजायचा.

आमचा गणपती म्हणजे कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला फोटो. चतुर्थीला नारळ टॉवेलात गुंडाळून फोडायचो. आणि गाऱ्हाणं… आपलं गाऱ्हाणं कसं, खड्या आवाजात देवाला घातलेली साद. तिथे आसपासच्या खोल्यांतून जमलेली अकरा माणसं कुजबुजत ‘व्हय महाराजा’ म्हणायची. देवाला ऐकू जात असेल की नाही, अशी मला खरोखर शंका यायची.

तेवढा वेळ हसन दाराबाहेर स्टूल टाकून कांदे सोलत बसायचा. कुणी आलं की खोकायचा. सापडला असता तर आमच्यापेक्षा त्याचीच पंचाईत जास्त, कारण तो त्यांच्या धर्मातला. पण हे त्याने एकदाही बोलून दाखवलं नाही.

तर त्या हसनला मी मंगळवारी सांगितलं, यंदा घरातच कर, दार लावून घे, आवाज जरा बेतानं. तो मांडवाचा बांबू सुंभानं बांधत होता. त्याचा हात थांबला.

"दार लावतंय रे बाबल. पण भायर स्टुलार कोण बसतलो, तू?"

हसतच म्हणाला. मी समोरचा चहा तसाच ठेवून उठलो.

घरी आलो आणि पुतण्याला समोर बसवून कपाट, टॉवेल, कांदे, सगळं सांगितलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोष माझाच… परत आल्यावर मी फक्त अत्तराच्या आणि टेपरेकॉर्डरच्या गोष्टी सांगत फिरलो. त्याने एकच विचारलं.

"हसनकाका गावलो असतो तर?"

मी म्हटलं, सापडला असता तर काय झालं असतं, माहीत नाही बाबा. आम्ही त्याला कधी विचारलंच नाही.

गुरुवारी संध्याकाळी मौलूद अंगणातच झाला, नेहमीच्याच आवाजात. पुतण्या उशिरा आला, मागे उभा राहिला, शिरा खाऊन गेला.

तिकडे दार लावायला कायदा सांगत होता. इथला कायदा म्हणतो, ज्याचा त्याने आपला देव खुशाल पुजावा… आणि तरी दार लाव म्हणून सांगायला मी स्वतः पायात चप्पल घालून गेलो. ही लाज जाता जात नाही.

त्या संध्याकाळी मी मागेच कुठेतरी टेकणार होतो. हसनने हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं. बारा वर्षं माझ्या देवासाठी तो दाराबाहेर बसला, आणि मला मांडवात बसवलं तेही त्यानेच.