आई बसलेली दिसली पाहिजे

भावाची पांढरी गाडी फाटकातून आत शिरली की वॉचमन तिसऱ्या मजल्यावर फोन करायचा. "साहेब आले" एवढंच बोलायचा आणि ठेवून द्यायचा. मग मदतीची मावशी हातातलं काम टाकून आईचा पदर, केस सारखे करायला तिच्या खोलीकडे पळायची. भाऊ लिफ्टमधून बाहेर पडेपर्यंत आई खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसलेली असायची. नेसणं नऊवारी, डोक्यावर पदर, केस तेल लावून चापून बसवलेले. भाऊ दारातूनच फोटो काढायचा आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा. खाली लिहायचा, "आमची वाघीण". त्याच्याखाली सगळ्या भावकीचे हात जोडलेले.

ही इमारत पुण्यात वाकडच्या पुढे आहे, खास म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली. प्रत्येकाला आपापला छोटा फ्लॅट, खाली सगळ्यांचं मिळून जेवणघर, पलंगाशेजारी दाबायला घंटा, आणि अंघोळ घालायला, कपडे बदलायला, संडासला न्यायला मदतीच्या बायका. त्या बायकांना सगळेच मावशी म्हणतात. आईची मावशी नांदेडकडची, माझ्यापेक्षा चांगली वीस वर्षांनी लहान, तरी मीही तिला मावशीच म्हणते. इमारत उभी आहे ती जमीन आमची. बिल्डरने त्या बदल्यात जे फ्लॅट दिले, त्यातल्या एकात आई राहते. खुब्याचं हाड मोडल्यावर भावानेच तिला इथे आणलं, कारण त्याच्या बंगल्यात जिने फार. तेव्हा मला ते पटलं होतं आणि आजही पटतं.

पण भाऊ तिथे पोराच्या नात्याने कमी आणि जमिनीच्या मालकाच्या नात्याने जास्त वावरायचा. पहिल्याच दिवशी त्याने मॅनेजरबाईंना सुनावलं, "आमची आई दिवसा कधी आडवी झालेली नाही. मी कधीही येईन. मला ती बसलेली दिसली पाहिजे." मॅनेजरबाई गोड हसल्या. त्या कशालाही गोड हसतात.

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. आमच्या गावात दिवसा अंथरुणावर दिसलेल्या बाईकडे लोक वेगळ्या नजरेने बघायचे. आई तापातसुद्धा भिंतीला पाठ टेकून बसायची, पण पडायची नाही. आणि आमचे वडील, आबा, गेले ते पडूनच गेले. साध्या पायदुखीने अंथरूण धरलं, "जरा पडतो" म्हणाले, ते पुन्हा उठलेच नाहीत. भाऊ तेव्हा कॉलेजात होता. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की माणूस आडवा झाला की संपला. त्याच्या सगळ्या आरडाओरड्याच्या खाली ती भीती आहे, हे मला ठाऊक होतं. पण तो बोलायला लागला की ते विसरायला होतं.

मी चाकणला एका स्पेअर पार्टच्या कंपनीत पॅकिंगला होते. गुरुवारी सुट्टी, म्हणून मी गुरुवारी यायची. मला बघायला मिळायची तीही बसलेलीच आई. यंदा निवृत्त झाले आणि एका सोमवारी सकाळीच उठून गेले. मी बसने येते, फाटकातून चालत शिरते, त्यामुळे माझ्यासाठी वर फोन करायची कुणाला गरज वाटत नाही.

आई खुर्चीत होती. नाश्ता झालेला, जेवायला वेळ होता, टीव्ही बंद. खोलीत टाल्कम पावडरचा वास भरला होता, एखाद्या बाळंतिणीच्या खोलीत नसेल इतका. आई एकदा डाव्या हातावर भार द्यायची, एकदा उजव्या. मी विचारलं, "काय होतंय?" म्हणाली, "काय न्हाई, मुंग्या आल्या."

मी म्हटलं, आज अंघोळ मी घालते.

"नगं," आई पटकन म्हणाली. "मावशी घालती की. तिला सवय हाय."

मावशीकडे बघितलं तर तिचा चेहरा उतरलेला. मला शंका आली, आणि मला शंका आली की मी थांबत नाही. मी आईला बाथरूममधल्या स्टुलावर बसवलं, लुगडं सोडलं आणि मागे गेले.

माकडहाडावर पुरीएवढी जागा काळीनिळी झाली होती. मध्ये कातडं गेलेलं. त्यावर पावडरीचा लगदा. मी पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून उभी राहिले. आई पुढे बघत म्हणाली, "एवढं काय बघाया लागलीस? बसून बसून घामोळं आलंय."

बाहेर आल्यावर मी मावशीवर तोंड सोडलं. जे येईल ते बोलले. ती रडलीही नाही, नुसती ऐकत राहिली. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "ताई, मी काय करू? दुपारचं आडवं करावं तर तेवढ्यात साहेब येतेत. एकदा आजी झोपल्या होत्या, तर पूर्ण मजला गोळा झाला एवढे ओरडले. माझ्याआधीच्या बाईला तर त्याच दिवशी काढायला लावलं. मी सकाळी बसवते ते दिवे लागेपर्यंत. आजीच म्हणाल्या, कुणाला सांगू नको."

मी आईकडे वळले. आई खिडकीबाहेर बघत होती.

"तिला काय बोलू नगंस," आई म्हणाली. "आन् त्याला सांगशील तर माझं तोंड बघू नगंस."

इमारतीत दर आठवड्याला डॉक्टर येतात. ते दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायचे, छातीला नळी लावायचे, "आजी एकदम ठणठणीत" म्हणून पुढच्या दाराशी जायचे. आई नेहमी खुर्चीत. खुर्चीत बसलेल्या माणसाची पाठ कोण बघतो? त्या दिवशी मी त्यांना बोलावून घेतलं आणि पाठ दाखवली. ते खजील झाले. जखम साफ करून, पट्टी लावून मला पॅसेजमध्ये घेऊन गेले आणि म्हणाले, आजपासून बसवायचं अजिबात नाही, कुशीवर ठेवायचं आणि सारखी कूस बदलायची. जखम हाडापर्यंत गेली तर या वयात आपल्या हातात फार काही राहणार नाही.

मी तशीच मॅनेजरबाईंकडे गेले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण केअरचा प्लॅन साहेबांनी ठरवलाय. बदल त्यांनी सांगायला हवा." डॉक्टर सांगतायत, मी म्हटलं. "हो, पण साहेबांशी एकदा बोलून घ्या ना." म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मी बांधायची, आणि पगार यांनी घ्यायचा.

मी भावाला फोन केला. मागे ट्रकांचे हॉर्न, कुणाशी तरी जमिनीचं बोलणं चाललेलं.

"आक्का, डॉक्टर घाबरवतातच. तुला मलम पाहिजे तर सांग, पाहिजे तिथनं आणतो. पण आईला झोपवायची नाही. आबांचं काय झालं विसरलीस का?"

"जखम मी डोळ्यांनी बघितलीय."

"जखम झाली म्हणजे त्या बाईचं लक्ष नाही. काढतो तिला. गुरुवारी येतोच मी."

मी फोन ठेवला. मावशी गेली तर आई दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देणार नव्हती, हे मला माहीत होतं. पहिल्या दोन बायकांच्या वेळी तिने अंघोळच सोडून दिली होती. आणि मावशी राहिली, पण आई बसलेलीच राहिली, तर काय होणार तेही डॉक्टर सांगून गेले होते.

मी तिथेच मुक्काम टाकला. आईला कुशीवर ठेवायचो, मी आणि मावशी मिळून, पाठीशी उशी. पण तिला स्वस्थ पडवेना. पॅसेजमधला फोन वाजला की तिचं सगळं अंग ताठ व्हायचं. "आला का?" म्हणायची आणि कोपर टेकायला लागायची. फोन स्वयंपाकघरातून असायचा, नाहीतर धोब्याचा. तीन वेळा मी तिला दाबून झोपवली. लहानपणी तिने मला कधी एवढ्या जोराने धरलं नसेल.

गुरुवारी दुपारी फोन वाजला आणि मावशी सवयीने खोलीत धावत आली. मी दारात आडवी उभी राहिले.

"हात लावायचा नाही."

"ताई, माझी नोकरी जाईल हो."

"तुला मी सांगितलंय असं सांग."

ती तिथेच थिजली. लिफ्टचा आवाज आला. मागे पलंगाची दांडी करकरली म्हणून मी वळले, तर आई उठत होती. दोन्ही हातांनी दांडी धरून, दात आवळून, एकटी. मी पोहोचायच्या आत ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि एका हाताने पदर डोक्यावर ओढत होती.

भाऊ आत आला. हातात डाळिंबांची पिशवी. आईला बघून त्याचा चेहरा खुलला.

"बघ! बसलीय की चांगली! तू उगाच माझ्या जिवाला घोर लावलास." त्याने खिशातून फोन काढला, फोटो घेतला, खुर्ची ओढून समोर बसला आणि बोलायला लागला. कोणत्या रस्त्याचं रुंदीकरण होतंय, कोणाच्या पोराचं लग्न ठरलंय, चाकणला कांद्याच्या गाड्यांनी कसा रस्ता अडवला होता. आई हं हं करत होती. दांडीवरची तिची बोटं पांढरी पडली होती. वरच्या ओठावर घाम आला होता. त्याला तो दिसत नव्हता. मला त्या घामाशिवाय काही दिसत नव्हतं.

"तिला पडू दे," मी म्हटलं.

"आक्का, पुन्हा सुरू करू नकोस."

"तिला बसणं सोसत नाहीये. डोळे फुटलेत का तुझे?"

तो उठला. मावशीकडे वळून म्हणाला, "तुम्ही सामान आवरा. मी मॅनेजरला सांगतो." मावशी भिंतीला टेकली. माझ्या मनात आलं, आत्ता आईचं लुगडं बाजूला करावं आणि दाखवावी याला ती पाठ. मी पुढेही झाले. आईला कळलं. तिने माझं मनगट धरलं आणि मान हलवली, नाही. पोरासमोर उघडं होण्यापेक्षा तिने मरण पत्करलं असतं. मी थांबले. मला दुसरा कुठलाच उपाय दिसत नव्हता.

मग आईनेच त्याला विचारलं, "तू जाणार कधी?"

तो गोंधळला. इतक्या वर्षांत आईने त्याला हे कधी विचारलं नव्हतं. तो निघाला की ती "थांब की रं जरा, च्या घिऊन जा" म्हणून अडवायची.

"का गं? काय पाहिजे का?"

"न्हाई रं. तू गेलास की जरा आडवी व्हईन म्हणते."

तिने हे तक्रारीने म्हटलं नाही. घाईचं काम असलेल्या माणसाची परवानगी मागावी तसं, हळू म्हणाली. भाऊ तिच्याकडे बघत राहिला. आता त्याला तिची बोटं दिसली असावीत. त्याने डाळिंबाची पिशवी खाली ठेवली.

"दरवेळी?" त्याने विचारलं. "मी जाईपर्यंत दरवेळी अशी...?"

"तुला बरं वाटायचं," आई म्हणाली.

त्याने मावशीकडे बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "कुठं धरायचं असतं?" मावशीने खांद्याखाली हात घातला, त्याने पाय उचलले, मी पाठीशी उशी लावली. आईचं तोंड भिंतीकडे आलं. तो तिच्या पाठीमागे उभा राहिला, खाली मान घालून. डोळे पुसले तरी पुन्हा भरत होते.

थोड्या वेळाने आईने भिंतीकडे बघतच विचारलं, "गेला का?"

"हाय, इथंच हाय मी," तो म्हणाला.

आईने लगेच कोपर टेकलं आणि उठायला लागली.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. त्याला कळलं. "आई, जातो मी," तो मोठ्याने म्हणाला. चपला वाजवत दारापर्यंत गेला, दार ओढून घेतलं. तेव्हा कुठे आईचं कोपर सुटलं आणि तिने उशीवर मान टाकली. दाराच्या काचेतून मला तो दिसत होता. पॅसेजमध्ये, भिंतीला टेकून, आवाज होऊ नये म्हणून चपला हातात धरून उभा.