चौथं नाव

मी जर्मनीला निघाले त्या दुपारी गाडी खाली येऊन उभी राहिली आणि नेमकी बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली. पाचव्या मजल्यावरून माझी मोठी बॅग थोरल्या काकांनी खांद्यावर घेऊन उतरवली. साठी उलटलेला माणूस, पण कोणाचं ऐकेल तर शपथ. आईने हातावर दही घातलं. बाबा तिसऱ्यांदा विचारत होते, पासपोर्ट घेतलास ना. आणि शेवंती आत्या खिडकीतून आत डोकं घालून सांगत होती, "लॅबमध्ये पहिल्या दिवशी लाजायचं नाय. येत नसेल तर येत नाय म्हणायचं, आणि शिकून घ्यायचं."

गाडी वळेपर्यंत चौघं हात हलवत उभी होती. कुठल्याही घरात दिसेल असंच हे चित्र. पण मी पंधरा वर्षांची होईपर्यंत त्या चौघांतली एक बाई आमच्या घराच्या लेखी मेलेली होती.

गावात राहिलेल्या माझ्या भावंडांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, यातलं अर्धंमुर्धं तुमच्या कानावर आलेलं आहे. आज सगळं सांगते.

ठाकुर्लीहून खाडीकडे जाताना आपलं जुनं कौलारू घर होतं. आजोबांच्याही आजोबांनी बांधलेलं. पुढे ओटी, वर भात साठवायचा माळा. भातशेती कधीच संपली होती. माळ्यावर उरली होती फाटकी जाळी आणि तांब्या-पितळेची भांडी. आजी-आजोबा जाऊन काही वर्षं झाली होती आणि घर रीडेव्हलपमेंटला द्यायचं ठरलं होतं. थोरले काका, मधले काका आणि माझे बाबा, तिघा भावांनी सह्या करायच्या होत्या. माझी दहावी नुकतीच संपलेली. बाबा म्हणाले, "माळ्यावर आजोबांची कागदपत्रं असतील, शोध जरा."

एका पत्र्याच्या डब्यात जुनं रेशनकार्ड सापडलं. आजोबा, आजी, तिघे भाऊ, आणि सगळ्यांत खाली आणखी एक नाव. शेवंती, वय नऊ. त्यावर पेनाने एवढ्या जोरात काट मारली होती की कागद फाटला होता.

आई मागच्या पडवीत जवळा निवडत होती. मी कार्ड तिच्यापुढे धरलं.

"ही कोण?"

"ठेव ते जागेवर. बाबांना इचारू नको."

"आई, कोण आहे ही?"

तिने सूप खाली ठेवलं. "आत्या हाय तुझी. रंगाच्या कंपनीत कामाला जायची, डोंबिवलीला. तिथल्याच एका पोराशी लग्न केलंन. मिलिंद नाव. बौद्ध. आजोबांनी खाडीवर जाऊन तिचं दहावं घातलं. जितेपणी."

"मग आता?"

"आता काय? हाय ना धडधाकट. कल्याणला राहते."

कल्याण! ठाकुर्लीपासून एक स्टेशन. वीस वर्षं.

"बाबांना माहीत आहे?"

आईने दाराकडे बघून आवाज खाली केला. "तुझा बापूस दर भाऊबीजेला ऑफिसात जातो ना? भाऊबीजेला कुठलं ऑफिस चालू असतं गं?"

मला पहिल्यांदा हसू आलं. मग आठवलं, की टेबलावर वारसांचं प्रतिज्ञापत्र टाइप होऊन पडलंय. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, मयतास तीन मुलगे असून त्यांच्याव्यतिरिक्त कोणीही वारस नाही. सोमवारी ठाण्याला जाऊन सह्या होणार होत्या. बाबांचीही.

शनिवारी मी आईकडून पत्ता घेतला आणि रिक्षाने कल्याणला गेले. दार उघडणाऱ्या बाईला थोरल्या काकांचंच नाक होतं. शिफ्ट संपवून आली होती. नखांच्या कडा निळ्या. मी नाव सांगायच्या आत ती म्हणाली, "प्रणाली ना? सायन्सचा दुसरा पेपर कसा गेला? तो जड होता म्हणे."

बाबांच्या फोनांमुळे तिला माझं सगळं ठाऊक होतं. मला तिचं नावसुद्धा दोन दिवसांपूर्वी कळलेलं. मला रडू फुटलं. तिने पाणी दिलं आणि मी शांत होईपर्यंत स्वतःविषयी बोलत राहिली. पॅकिंगमध्ये लागली होती. लग्नानंतर मिलिंदकाकांनी कॉलेजात नाव घालायला लावलं. शिफ्ट सांभाळून ती बीएस्सी झाली आणि त्याच कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून बसली. आपल्या घरातली पहिली ग्रॅज्युएट ती होती, बाबा नाहीत. आपल्याला हेही कोणी सांगितलं नव्हतं.

मी प्रतिज्ञापत्राचं सांगितलं.

"मना काय नको त्या घरातलं," ती म्हणाली. "फक्त मी नव्हतेच असं लिहू नका."

रविवारी ओटीवर मी बाबांना गाठलं. "तुम्ही तिच्याकडून ओवाळून घेता, आणि उद्या ती नाहीच म्हणून सही करणार?"

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण बाबा खाली बघत म्हणाले, "दादापुढे माझं तोंड उघडत नाही गं." एवढा हतबल बाप मी कधी पाहिला नव्हता. त्या रात्री मला त्यांची कीव आली आणि रागही.

सोमवारी मी हट्टाने ठाण्याला गेले. वकिलाच्या कारकुनाने मजकूर वाचून दाखवला आणि थोरल्या काकांनी पेन उचललं.

"थांब दादा," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "तिघं नाय. आपण चौघं आहोत."

मधले काका म्हणाले, "मी पण हेच बोलणार होतो." खरं तर ते काहीच बोलणार नव्हते, पण असो. थोरले काका पेन ठेवून बाहेर गेले. आम्ही बाकावर बसून राहिलो. कारकुनाचा डबा खाऊन झाला तरी ते आले नाहीत. बाबा सारखे रुमालाने मान पुसत होते.

शेवटी ते आले आणि उभ्याउभ्याच कारकुनाला म्हणाले, "चौथं नाव लिहा. शेवंती."

"वय?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "एक्केचाळीस पूर्ण. श्रावणात बेचाळीस पूर्ण होतील."

मेलेल्या बहिणीचे वाढदिवस हा माणूस मनात धरून होता.

पुढच्या आठवड्यात आत्या सहीला आली. कारकुनाने सवयीने हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला. बहिणी देतातच, म्हणाला. आत्याने तो वाचला आणि परत सरकवला.

"मी नाय देणार. माझं नाव राहू दे."

सगळे थोरल्या काकांकडे बघायला लागले. वीस वर्षांत बहिणीविषयी कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला, तोही कारकुनाकडे बघून. "बापावर गेलीय," ते म्हणाले. तो आवाज मी विसरणार नाही. छाती फुगलेल्या माणसाचा आवाज होता तो.

नवी बिल्डिंग उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावर आत्या आणि मिलिंदकाका राहायला आले. गावात कुजबुज झाली, मग ती थकली. बारावीपर्यंतची केमिस्ट्री मी त्याआधीच आत्याच्या कल्याणच्या किचनमध्ये बसून शिकले होते. आज मी इथे एका लहान शहरात नदीच्या पाण्याचे नमुने तपासते. इथे घर बदललं की नगरपालिकेत जाऊन नाव नोंदवावं लागतं, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. माझ्याबरोबरच्या मुली या कागदपत्रांना कंटाळतात. मला मात्र अधिकाऱ्याने माझं नाव नीट लिहिलेलं बघायला आवडतं.

सुरुवातीला मला जुन्या घराची फार आठवण यायची. ओटीची, कौलांतून येणाऱ्या उन्हाची. आता तेवढी येत नाही. त्या घराने एका मुलीला पुसून टाकलं होतं, हेही मी विसरू शकत नाही. माझा अभिमान भिंतींचा नाही, त्या तिघा भावांचा आणि एका बहिणीचा आहे.

मागच्या महिन्यात मी आणि टोमासने लग्न करायचं ठरवलं. आई-बाबांच्याही आधी मी थोरल्या काकांना फोन लावला.

"कुठला हाय?"

"इथलाच, काका. जर्मन."

पलीकडे काकांनी टीव्ही बंद केला. मग, "तुझ्यावर आवाज चढवतो?"

"नाही."

"मग घेऊन ये त्याला. आणि लपवून काय करू नको, बाय. आमचं एकदा चुकलंय."

घर म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी हा फोन सांगेन. बातमी देताना माझा आवाज कापला नाही. त्यांचा मात्र थोडा कापला.